आदिवासींची जमीन, वनहक्क आणि वेठबिगारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनहक्काच्या, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काच्या, फाईली करताना आणि भट्टीवर अडकलेली कुटुंबं परत आणताना लोक आम्हाला जे विचारतात ते इथे एका जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांब झालीत, कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. कायद्याचं जे लिहिलंय ते मुख्यतः महाराष्ट्रासाठी आहे.

जमिनीचा प्रश्न वेगळा, वेठबिगारीचा वेगळा. दोन्ही एकत्र का घेता?

कारण ते वेगळे नाहीतच. दसरा-दिवाळी झाली की कातकरी आदिवासींच्या वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. दुसऱ्याच्या शेतातलं भात कापून झालं, स्वतःची जमीन नाही किंवा कसतोय ती कागदावर नाही, घरात दाणा नाही आणि भर पावसाळ्यात पोरं उपाशी होती तेव्हा मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या दलालाकडून) घेतलेला बयाणा, म्हणजे उचल, अंगावर आहे, मग अख्खं कुटुंब तो फेडायला वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर जातं ते पाऊस तोंडावर आला की परत येतं. आता बघा, वनहक्काच्या दाव्यांसाठी जंगलात मोजणी करायची, पंचनामे करायचे, फाईली पुढे सरकवायच्या, हे सगळं सरकारी काम पण ह्याच कोरड्या महिन्यांत चालतं. माणूस जागेवर नसतो, त्याचा प्लॉट मोजणीत सुटतो आणि कागदावर येतं "ताबा आढळला नाही". म्हणजे जमीन नाही म्हणून उचल घेतली, उचल घेतली म्हणून गावात नाही, गावात नाही म्हणून जमीन मिळाली नाही. हे आम्ही एका वाडीत नाही, वाडीमागून वाडीत बघितलंय. म्हणून खाली जे काही लिहिलंय त्यात आमचं एक सांगणं सगळीकडे दिसेल, की भट्टीचा हंगाम सुरू व्हायच्या आत जमिनीचं काम उरका.

वेठबिगारी तर कधीच बंद झाली ना?

कायद्याने बंद झाली. घटनेच्या कलम २३ मध्येच बिगार आणि सक्तीच्या मजुरीला बंदी आहे, आणि वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा, तो लागू धरला जातो २५ ऑक्टोबर १९७५ पासून. त्याच्याही आधी १९४५ मध्ये तलासरी, डहाणू, उंबरगाव भागातल्या वारल्यांनी वेठ करणार नाही म्हणून उठाव केला, किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते, आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड ह्यांच्यासह पाच जण गेले. त्या काळात लग्नगडी असायचे, म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायला बांधले गेले, आणि तेही वर्षानुवर्षं. वारल्यांनी ती प्रथा मोडली. पण लग्नासाठी उचल घ्यायची आणि जोडीने भट्टीवर जाऊन फेडायची, हे आजही चालूच आहे, फक्त सावकाराच्या वाड्याऐवजी वीटभट्टी आली.

माणूस स्वतःच्या मर्जीने गेला, पैसे पण आधी घेतले. मग ही वेठबिगारी कशी?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि पोलीस स्टेशनला पण पहिला हाच विचारतात. कायदा असं बघतच नाही की पायात बेडी होती का. पैसे किंवा धान्य आगाऊ घेतलं, आणि त्याच्या बदल्यात एकतर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळतेय किंवा मिळतच नाहीये, किंवा दुसरीकडे कामाला जायची मोकळीक नाही, किंवा हवं तिथे ये-जा करता येत नाही, ह्यातलं काहीही एक असलं तरी ती वेठबिगारी. सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये स्पष्टच सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं ही पण सक्तीची मजुरी, कारण भुकेने केलेली सक्ती ही सक्तीच असते. आणि १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा ह्या वेठबिगारांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या केसच्या निकालात म्हटलं की सक्तीने काम करून घेतलं जातंय असं दिसलं तर ते उचलीपोटीच आहे असं धरून चालायचं.

भट्टीवरची वही कधी हातात आली तर नीट बघा. डाव्या बाजूला बयाणा, त्याखाली दर आठवड्याची खर्ची (घरखर्चाला दिलेले पैसे), मध्ये दवाखाना, कुठे तांदूळ, आणि समोर अंगठा. किती हजार विटा पाडल्या तो आकडा मालकाच्या किंवा मुनीमाच्याच हातचा, त्यात पावसाने भिजून गेलेल्या विटा वजा केलेल्या. कुटुंबाकडे स्वतःची काहीच नोंद नाही. हंगाम संपताना हिशोब होतो आणि उलट पैसे अंगावरच निघतात, ते पुढच्या वर्षी. आम्ही आता प्रत्येक कुटुंबाला एक साधी वही देतो आणि शाळेत जाणाऱ्या पोराला सांगतो, रोज रात्री पाडलेल्या विटा लिहायच्या. पुढे केस उभी राहिली तर ही वही फार कामाला येते.

मग उचल फेडायची की नाही?

वेठबिगारीतलं कर्ज कायद्याने रद्द आहे. १९७६ च्या कायद्याचं कलम ६ वाचा. ते फेडायची जबाबदारी संपते, वसुलीचा दावा कोर्टात चालत नाही, आणि त्यापोटी काही वस्तू, भांडी, गाडी ओढून नेली असेल तर ती परत करावी लागते. अजून एक, हे कर्ज वेठबिगारीचं नाही असं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते, मजुरावर नाही. मुकादम वाडीवर येऊन "केस टाकीन" म्हणतो तेव्हा त्याला हे सांगा, शांतपणे, चार लोकांसमोर.

कोणीतरी अडकलंय. पहिला फोन कोणाला?

कलेक्टर, प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदार. वेठबिगार शोधायची, सोडवायची आणि पुनर्वसनाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असायला हवी असं कायदा म्हणतो. मारहाण चालू असेल किंवा कोंडून ठेवलं असेल तर वेळ न घालवता ११२. लहान मूल असेल तर १०९८. फोन करून थांबू नका, लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. अर्जात भट्टीचा पत्ता, जवळची खूण, किती माणसं, किती मुलं, किती उचल, कधीपासून, एवढं तरी हवं. माणसं आदिवासी असतील आणि मालक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम पण लागतं, त्यात वेठ किंवा बिगार करून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. वकिलाचा खर्च कसा करायचा म्हणून लोक थांबतात, तर अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि बिगारीच्या बळीला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, नंबर १५१००.

आणि एक कळकळीची विनंती, परस्पर गाडी घेऊन जाऊन माणसं उचलून आणू नका. हेतू चांगला असतो पण मग मागे काहीच पुरावा राहत नाही, जबाब होत नाहीत, मुक्तीचा दाखला (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद) मिळत नाही, आणि दोन महिन्यांनी मुकादम परत दारात.

मुक्तीचा दाखला एवढा महत्त्वाचा का?

कारण त्याच्याशिवाय पुढचं पुनर्वसनाचं दार उघडत नाही. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत सुटलेल्या पुरुषाला १ लाख, बाई किंवा मुलांना २ लाख आणि लैंगिक शोषण किंवा तस्करीसारख्या गंभीर प्रकारात ३ लाख अशी तरतूद आहे. पण ही मोठी रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे आणि केस वर्षानुवर्षं चालते, त्यामुळे प्रत्यक्षात लोकांच्या हातात काय पडतं तर तातडीची मदत, ती सुधारलेल्या योजनेत ३० हजारांपर्यंत आहे. माझ्या मते शिक्षेची अट घालणं हा ह्या योजनेतला सगळ्यात मोठा दोष आहे. कोर्ट लांबलं त्यात त्या कुटुंबाची काय चूक? सुटून आलेलं घर पहिल्या पावसाळ्यात उपाशी राहिलं की परत उचल घेणार, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

मुलांचं काय?

२०२२ मध्ये इगतपुरी भागातल्या कातकरी मुलांना थोड्याशा पैशांवर मेंढ्या राखायला ठेवल्याचं एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर उघड झालं. तोवर कोणी ह्या मुलांना शोधतही नव्हतं. शाळेच्या पटावर नाव असतं, मूल वर्गात नसतं, आणि तिथे "स्थलांतरित" एवढा एकच शब्द लिहून विषय संपवला जातो. शिक्षकांना आमचं हात जोडून सांगणं आहे, सलग काही दिवस मूल आलं नाही तर घरी जाऊन विचारा, कुठे गेलं, कोणासोबत गेलं.

आता जमिनीकडे येऊ. वनहक्क कोणाला मिळतो?

२००६ चा वनहक्क कायदा. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असेल किंवा तिथे राहत असेल तर त्याला हक्क आहे, प्रत्यक्ष ताब्यात जेवढी आहे तेवढी, जास्तीत जास्त ४ हेक्टर म्हणजे साधारण दहा एकर. बिगरआदिवासी पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, ते अवघड जातं. हा पट्टा, म्हणजे हक्काचा सरकारी कागद, वारसाने पुढे जातो पण विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. काही लोकांना हे खटकतं, मला नाही खटकत, विकता आला असता तर पहिल्याच वर्षी निम्मे पट्टे सावकाराकडे गेले असते. आणि नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावावर, हे कायद्यातच आहे, उपकार नाही. फॉर्म भरतानाच बाईचं नाव पूर्ण लिहा, आधार कार्डावर आहे तसं.

आमच्याकडे एकही कागद नाही. दावा करायचा कशाच्या जोरावर?

कागदच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. दोन वेगवेगळे पुरावे असले की दावा उभा राहतो. जुनी दंडाची पावती असेल तर सोन्याहून पिवळी, वनखात्याने अतिक्रमण म्हणून दंड केला होता म्हणजे त्या वर्षी तुम्ही तिथे होता हे त्यांनीच लिहून दिलंय. रायगड-ठाण्याकडे दळीची पुस्तकं असतात, इंग्रजांच्या वेळेपासून डोंगरउतारावर नाचणी-वरी करायला दिलेल्या जमिनींची, आजोबाच्या नावाची दळी सापडली तर फोटो काढून ठेवा, मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका. मतदार यादी, रेशन कार्ड, जुना पंचनामा, चालतं. जमिनीवरच्या खुणा हा पण पुरावाच आहे: बांध, विहीर, घराचा चौथरा, लावलेली झाडं, पूर्वजांच्या पुरल्याच्या जागा, देवस्थान. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब.

एकदा आम्ही एका उतारावर मोजणीला गेलो होतो. वनरक्षक म्हणाले इथे तर नुसतं गवत दिसतंय. सोबतच्या आजीने काहीच न बोलता काठीने गवत बाजूला सारलं, खाली दगडाचा बांध, गुडघाभर उंच, दगडांवर शेवाळ चढलेलं. मग दुसरा, मग तिसरा, असे सात बांध एकाखाली एक. आजी म्हणाली, हा सासऱ्याने रचला, हा मी आणि नवऱ्याने, हा पोरगा पोटात होता तेव्हा. तेवढं सगळं त्याच शब्दांत पंचनाम्यात लिहून घेतलं, वनरक्षकांची सही घेतली. पुढे उपग्रह नकाशात ती जागा "झुडपी" दाखवली गेली तरी पंचनामा टिकला, कारण नियमच सांगतो की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरायचं, त्यांच्याऐवजी नाही. हे वाक्य पाठ करा, प्रांत ऑफिसमध्ये लागतं.

दावा नेमका कुठे द्यायचा?

ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे. तलाठ्याकडे नाही, वनखात्याकडे तर नाहीच. समितीत १० ते १५ माणसं, दोन तृतीयांश आदिवासी, किमान एक तृतीयांश बायका. समिती जागेवर येते, मग ग्रामसभा ठराव करते, तिथून उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हा समिती. आता ह्यात गोम अशी की दाव्याचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि दावेदारांपैकी पण निम्मे तरी लागतात. अर्धी वाडी भट्टीवर असेल तर ही सभा होणार कशी? म्हणून म्हणतोय, गणपती ते दसरा ह्या दिवसांत ठराव उरका. अनुसूचित क्षेत्रात (सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा पण भरवता येते, तीन मैल चालत ग्रामपंचायतीच्या गावाला जायची गरज नाही.

दावा रिजेक्ट झाला. संपलं का?

अजिबात नाही. पहिली गोष्ट, नामंजुरी लेखी हवी, कारणासकट, आणि दावेदाराला प्रत्यक्ष कळवलेली हवी. ऑफिसात यादी लावली आणि झालं असं चालत नाही. दुसरी गोष्ट, खालच्या निर्णयावर वरच्या समितीकडे ६० दिवसांत अपील करता येतं. महाराष्ट्रात २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रासाठी जिल्हा समितीच्या निर्णयावरही अपिलाची सोय झाली, विभागीय समितीकडे.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ज्यांचे दावे नामंजूर झालेत त्यांना काढा असा आदेश दिला तेव्हा लाखो कुटुंबांची झोप उडाली होती. २८ फेब्रुवारीला त्याच कोर्टाने तो आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं की दावे नाकारताना तुम्ही प्रक्रिया पाळली का. त्यामुळे आता कोणी जुना मेसेज फॉरवर्ड करून घाबरवलं तर घाबरू नका, पण तुमच्या फाईलवर नामंजुरीचं कारण काय लिहिलंय ते आजच्या आज माहितीच्या अधिकारात काढून घ्या.

दावा पेंडिंग आहे आणि वनखात्याचे लोक खड्डे खणायला आलेत, रोपं लावतो म्हणतात. काय करायचं?

वनहक्क कायद्याचं कलम ४(५). पडताळणी पूर्ण होईपर्यंत कसत असलेल्या जमिनीवरून काढता येत नाही. अंगावर जाऊ नका, केस उलटी तुमच्यावर पडते. दाव्याची पोच दाखवा, तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, वनहक्क समितीच्या अध्यक्षाला बोलवा, त्याच दिवशी प्रांताला लेखी तक्रार. आदिवासीच्या वनहक्कात बेकायदा अडथळा आणणं हे पण ॲट्रॉसिटीच्या कलमात बसतं, २०१५ च्या दुरुस्तीने ते जास्त स्पष्ट झालंय.

सामूहिक वनहक्क म्हणजे वेगळं काय? वैयक्तिक पट्टा मिळाला की पुरे ना?

पुरे नाही. पट्टा एका घराचा, सामूहिक हक्क अख्ख्या गावाचा: चराई, मासे, बांबू, तेंदू, मध, मोह, आणि जंगल राखायचा अधिकार. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत असते, पण हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात होता हे कमी लोकांना माहीत असतं. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला दिलं गेलं, तेव्हा कुठे बांबूचा पैसा गावाकडे आला. गावातच बांबूतोडीची मजुरी मिळायला लागली की उचल घ्यायची वेळ कमी येते, इतकं सरळ आहे.

कंपनी किंवा प्रकल्प आला तर ग्रामसभा नाही म्हणू शकते?

म्हणू शकते, आणि म्हटलंय. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साईटची खाण होणार होती, १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डोंगरिया कोंढ लोकांच्या ग्रामसभांनी आधी ठरवावं. १२ ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या. पण सगळीकडे असंच होईल अशा भरवशावर राहू नका. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्काची पूर्तता बघायची जबाबदारी राज्यावर टाकली, म्हणजे केंद्राची मंजुरी आधी येते आणि गावाला विचारणं मागे पडतं, ही आम्हाला मोठी काळजी वाटते. कोऱ्या हजेरीपत्रकावर सह्या देऊ नका. आधी ठराव वाचून घ्या, मगच सही.

सातबाऱ्यावरची जमीन बिगरआदिवासीने लिहून घेतली असेल तर?

जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे अशी जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि विक्रीसाठी कलेक्टरसोबत राज्य सरकारची पण आधी मंजुरी लागते. स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, ९९ वर्षांचा करार केला, कुळमुखत्यारपत्र दिलं, असले सगळे प्रकार आम्ही बघितलेत. सही केली म्हणून जमीन गेली असं समजू नका, आधी जुने फेरफार काढा.

आमची वाडीच दुसऱ्याच्या जमिनीवर आहे.

कातकरी वाड्यांचं हे फार जुनं दुखणं. मालकाने मजूर जवळ हवेत म्हणून आजोबांना झोपडी बांधू दिली, आता जमिनीचा भाव वाढला आणि कुंपण आलं. अंगणात तार, विहिरीकडे जायची वाट बंद. इथे मागणी गावठाणाची करायची. राहत्या घरांचा नकाशा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, जुनी मतदार यादी एकत्र लावून कलेक्टरकडे आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयात अर्ज द्या. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड ह्या महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमाती आहेत, अर्जात ते लिहा. आणि रायगड अनुसूचित क्षेत्रात येत नाही, तिथे पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) आधार मिळत नाही, वनहक्क कायदा मात्र पूर्ण लागू आहे.

युनो, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) वगैरेंचा आपल्याला काही उपयोग?

थोडा. सक्तीच्या मजुरीविरुद्धचे आयएलओचे दोन्ही करार, १९३० चा २९ नंबरचा आणि १९५७ चा १०५ नंबरचा, भारताने मान्य केलेत. आदिवासींच्या जमिनीबद्दलचा १९८९ चा १६९ नंबरचा करार मात्र भारताने मान्य केलेला नाही, जुना १०७ तेवढा केलाय. युनोच्या २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं होतं, त्यात विचारल्याशिवाय जमिनीवरून हलवायचं नाही असं आहे. तालुक्याच्या ऑफिसात हे नंबर सांगून काम होत नाही, तिथे कलम ४(५) आणि पोचपावतीच लागते. हायकोर्टात गेलात तर वकिलाला आठवण करून द्या.

यंदा कुटुंब भट्टीवर जाणारच आहे, थांबवता येत नाही. निदान काय करून जावं?

जायच्या आधी प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून फोटो काढा, घरातली माणसं फोटोत हवीत. दाव्याची पोच, दळीचं पुस्तक, दंडाच्या पावत्या गावात थांबणाऱ्या नात्यातल्या माणसाकडे ठेवा आणि मोजणीच्या वेळी हा माझ्या वतीने हजर राहील असं लिहून त्याची प्रत समितीला द्या. भट्टीचं ठिकाण आणि मुकादमाचा नंबर समितीच्या रजिस्टरमध्ये लिहून घ्या. विटांची वही सोबत न्या. मोजणीची नोटीस निघाली की समितीने मुकादमाला नाही, कुटुंबाला फोन करायचा, आणि एकाने तरी त्या दिवसापुरतं गावी यायचं. मालक सोडत नसेल तर लगेच प्रांताला कळवा, कारण कामावरून हवं तेव्हा निघून येता न येणं ही वेठबिगारीचीच खूण आहे आणि तुमची तक्रार तिथूनच सुरू होते.